निजामाची राजवट गेली, जमीन कोणाला मिळाली?

हैदराबाद मुक्तिसंग्राम म्हटले की रझाकार, सरहद्दीवरील कॅम्प आणि पोलीस कारवाई आठवते. मात्र या लढ्याच्या पोटात आणखी एक लढा होता. तो होता राज्यकारभारात जनतेला अधिकार मिळावा आणि कसणाऱ्याला जमीन मिळावी यासाठीचा. त्यातील पहिली मागणी चौदा वर्षांत पूर्ण झाली. दुसरी कायद्यात आली. पण शेतापर्यंत पोहोचेपर्यंत तिचे काय झाले, याचा हा मागोवा.

नायगाव : दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड, लातूरसह संपूर्ण मराठवाड्यात ध्वजारोहण होते. हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, शाळांतून भाषणे होतात. १९४८ साली याच दिवशी निजामाच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवण्याचा निर्णय घेतला आणि देशाच्या स्वातंत्र्यानंतर तेरा महिन्यांनी मराठवाड्यात स्वातंत्र्याची पहाट झाली, एवढा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु पाच दिवसांच्या लष्करी मोहिमेआधी किमान दहा वर्षे या प्रदेशात एक राजकीय चळवळ चालू होती. तिच्या मागण्या काय होत्या आणि त्या कालांतराने कशा बदलत गेल्या, याची चर्चा फारशी होत नाही.

नायगाव हा आज नांदेड जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका आहे. त्या काळी हा परिसर बहुतांशी बिलोली तालुक्यात मोडत असे. उत्तरेला उमरी, पूर्वेला बिलोली आणि त्यापलीकडे तेलंगणातील निजामाबाद. मुक्तिसंग्रामातील दोन महत्त्वाच्या घटना याच टापूत घडल्या. त्यामुळे या चळवळीचे बदलते स्वरूप समजून घेण्यासाठी हा परिसर सोयीचा ठरतो.

राज्य कसे होते?

हैदराबाद हे देशातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. १९४१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात होती. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगूभाषक, पाच मराठीभाषक आणि तीन कन्नडभाषक होते. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे ते पाच मराठी जिल्हे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला.

जमिनीच्या दृष्टीने या राज्याचे तीन भाग पडत. सरकारी अंमलाखालील मुलूख म्हणजे दिवाणी किंवा खालसा. दुसरा भाग ‘सर्फेखास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. त्याचे उत्पन्न थेट राजाच्या तिजोरीत जाई. तिसरा भाग जहागिरींचा. ढोबळमानाने राज्याचा साठ टक्के मुलूख खालसा, दहा टक्के सर्फेखास आणि तीस टक्के जहागिरीचा होता. म्हणजे जवळपास चाळीस टक्के भूभागावर सरकारचा महसूल कायदा पूर्णपणे लागू नव्हता. जहागिरीतील रयतेला अनेक ठिकाणी खालशापेक्षा जास्त सारा द्यावा लागे. शिवाय वेठबिगार आणि नाना प्रकारच्या पट्ट्या होत्याच.

गावपातळीवर मुलकी पटेल, पोलीस पटेल आणि पटवारी ही राज्याची खरी ओळख होती. कारभाराची आणि न्यायालयाची भाषा उर्दू. शेताचा कागद कोणाच्या नावे आहे, हे वाचून घ्यायचे तरी पटवाऱ्याच्या दारात जावे लागे. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकानुसार सरकारची परवानगी लागे. खासगी शाळा काढण्यावरही निर्बंध होते. त्यामुळेच हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळा ही या लढ्याची पहिली केंद्रे ठरली. व्यंकटेश भवानराव खेडगीकर, म्हणजेच पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झालेले नेते, या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते. त्यापूर्वी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले होते, ही बाब त्यांच्या पुढील भूमिका समजून घेताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मागणी माफक, उत्तर बंदीचे

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी लातूर येथे दुसरे आणि १९४१ मध्ये उमरी येथे तिसरे अधिवेशन झाले. परिषदेची भाषा अर्ज-विनंत्यांची होती. नागरी स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण, शेतकऱ्याला दिलासा आणि ‘जबाबदार राज्यपद्धती’ या तिच्या मुख्य मागण्या. जबाबदार राज्यपद्धती म्हणजे राजा राहील, पण मंत्रिमंडळ लोकनियुक्त सभागृहाला उत्तरदायी असेल. निजामाला पदच्युत करण्याची मागणी तेव्हा कोणीही केली नव्हती.

या माफक मागणीलाही सरकारने नकार दिला. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच, ७ सप्टेंबरला तिच्यावर बंदी घालण्यात आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी तुरुंगात गेली; त्यापाठोपाठ स्वामी रामानंद तीर्थ यांनाही अटक झाली. आर्य समाज आणि हिंदू महासभेचा सत्याग्रह याच सुमारास चालू होता. आपला लढा धार्मिक नसून राजकीय आहे हे स्पष्ट राहावे, या विचाराने स्टेट काँग्रेसने डिसेंबरअखेर आपला सत्याग्रह स्थगित केला. त्याच हिवाळ्यात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या कारणावरून उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक होते. त्यांनी नागपूरला जाऊन शिक्षण पूर्ण केले.

सरकारनेही सुधारणा देऊ केल्या होत्या. १९३७ मध्ये अरवमुदु अय्यंगार समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यांनुसार प्रतिनिधी प्रदेशनिहाय निवडायचे नव्हते. जहागीरदार, व्यापारी, वकील, शेतकरी अशा व्यवसायांनुसार निवडायचे होते. निवडून येणाऱ्या हिंदू आणि मुस्लिम सदस्यांची संख्या समान ठेवण्यात आली होती. राज्यात मुस्लिमांचे प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास होते. मंत्रिमंडळ या सभागृहाला जबाबदार असणार नव्हते, ते पूर्वीप्रमाणेच निजामाला जबाबदार राहणार होते. महायुद्धामुळे ही योजना लांबली. १९४६ मध्ये ती अमलात आली तेव्हा स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी संघटनेवरील बंदी उठली होती. पण आठ वर्षांत मागण्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या.

लेव्हीने गाव पेटले

शहरातील वकील आणि शिक्षकांची ही चळवळ खेड्यात नेली ती लेव्हीने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य गोळा करण्यास सुरुवात केली. ठरावीक धान्य ठरावीक दराने सरकारजमा करायचे, असा नियम होता. मोठा जमीनदार पटेल-पटवाऱ्याशी संधान बांधून आपला वाटा कमी लावून घेई. छोट्या शेतकऱ्याच्या कणगीतून मात्र घरखर्चाची ज्वारीही उचलली जाई. जबाबदार राज्यपद्धतीचा अर्थ ज्याला कळत नव्हता, त्याला लेव्हीचा अर्थ बरोबर कळत होता.

नांदेड जिल्ह्यातील शेतकऱ्यांमध्ये याच काळात स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे काम करीत होते. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोलीजवळील अर्जापूर येथे त्यांची हत्या झाली. मुक्तिसंग्रामातील मराठवाड्याच्या पहिल्या हुतात्म्यांमध्ये त्यांची गणना होते आणि अर्जापूर येथे त्यांचे स्मारक आहे. (२०१५ मध्ये कोल्हापुरात हत्या झालेले कॉ. गोविंद पानसरे वेगळे. नामसाधर्म्यामुळे अनेकदा गल्लत होते.)

या हत्येनंतर परिसरातील कार्यकर्त्यांसमोर एक प्रश्न उभा राहिला. प्रतिपक्ष शस्त्र चालवीत असेल, तर केवळ सत्याग्रहावर विसंबून राहायचे का? तिकडे मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे नेतृत्व १९४६ मध्ये लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आले होते. रझाकार ही या संघटनेची निमलष्करी शाखा खेड्यापाड्यांत फिरू लागली होती.

दोन गट, दोन दिशा

स्टेट काँग्रेसमध्येही एकवाक्यता नव्हती. एका गटाला निजामाशी वाटाघाटी करून टप्प्याटप्प्याने सुधारणा हव्या होत्या, बी. रामकृष्ण राव हे त्याचे प्रमुख नेते. दुसरा गट स्वामीजींभोवती होता. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे समाजवादी विचारांचे तरुण त्यात होते. जहागिरी नष्ट झाल्याशिवाय आणि कुळाला संरक्षण मिळाल्याशिवाय निवडून आलेल्या विधिमंडळालाही अर्थ उरणार नाही, असे या गटाचे म्हणणे होते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजींनी रामकृष्ण राव यांचा अवघ्या तीन मतांनी पराभव केला. जून १९४७ मध्ये हैदराबादजवळ मुशीराबाद येथे पहिले खुले अधिवेशन झाले आणि भारतीय संघराज्यात विलीनीकरण हे उद्दिष्ट जाहीर झाले.

राज्यव्यवस्था बदलण्याच्या काळात अशी फूट जगात इतरत्रही पडलेली दिसते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात राजाविरुद्ध यादवी युद्ध झाले, तेव्हा ‘लेव्हलर्स’ नावाच्या गटाने सामान्य माणसाला मताधिकार मागितला. १६४७ मध्ये पुटनी येथे सैनिक आणि अधिकारी यांच्यात त्यावर प्रदीर्घ चर्चा झाली. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला मत कशाला, हा तेथील वादाचा गाभा होता. दोनच वर्षांनी ‘डिगर्स’ हा छोटा गट पुढे सरसावला आणि पडीक जमीन सामाईकपणे कसू लागला. मताचा हक्क मागणारे आणि जमिनीचा हक्क मागणारे एकाच लढ्यातून निघाले, पण त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

हैदराबाद संस्थानात ही दुसरी वाट तेलंगणात अधिक स्पष्ट दिसली. जुलै १९४६ मध्ये कडवेंडी गावात दोड्डी कोमरय्या हा तरुण जमीनदाराच्या माणसांच्या गोळीबारात मारला गेला आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र शेतकरी लढा सुरू झाला. शेकडो गावांत वेठबिगार बंद पडली, जमिनींचे वाटप झाले. १९५१ मध्ये हा लढा मागे घेण्यात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच प्रदेशातील पोचमपल्ली येथे विनोबा भावे यांना पहिले भूदान मिळाले, हा योगायोग म्हणता येणार नाही.

मराठवाड्यात जमीनवाटपाचा असा व्यापक लढा झाला नाही. मात्र १९४७ च्या उत्तरार्धात आंदोलनाने जे रूप घेतले, त्यात शेतकऱ्याच्या तक्रारींचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरी नाके जाळणे, पटेल-पटवाऱ्यांची दप्तरे नष्ट करणे, लेव्ही देण्यास नकार देणे हे कार्यक्रम गावोगाव झाले. शिंदी, करोडगिरी आणि सारा ही राज्याच्या उत्पन्नाची साधने होती; दप्तर हे त्या वसुलीचे हत्यार होते.

उमरीची बँक

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, तेव्हा त्यांची सुटका झाली. मात्र जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा पकडण्यात आले. चळवळ सरहद्दीपलीकडे गेली. मनमाड, बार्शी, सोलापूर, उमरखेड अशा संस्थानाबाहेरील गावांत कॅम्प उभे राहिले. नांदेड जिल्ह्यासाठी उमरखेडचा कॅम्प महत्त्वाचा होता.

३० जानेवारी १९४८ रोजी सशस्त्र कार्यकर्त्यांनी उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर हल्ला करून सुमारे वीस लाख रुपये ताब्यात घेतले. ही रक्कम लढ्यासाठी वापरायची होती. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. गांधीजींना नेता मानणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते त्याच दिवशी शस्त्रे घेऊन बँकेत शिरले होते. या विसंगतीवर पुढे बरीच चर्चा झाली. सरहद्दीवरील कार्यकर्त्यांचा युक्तिवाद असा, की नि:शस्त्र गावांवर हल्ले होत असताना संरक्षणाची साधने उभी करणे भाग होते.

या संघर्षाकडे केवळ हिंदू-मुस्लिम संघर्ष म्हणून पाहणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू घेतली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची निर्घृण हत्या झाली. नांदेड जिल्ह्यात महसूल अधिकारी असलेले फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ नोकरीचा राजीनामा दिला. रझाकार संघटना विसर्जित करून भारतात सामील व्हावे, असे जाहीर आवाहन करणाऱ्या मुस्लिम नागरिकांत त्यांचाही समावेश होता.

कारवाईनंतरचे दिवस

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. रझाकारांचा उपद्रव संपला आणि लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते मात्र दीर्घकाळ दडून राहिले. पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संस्थानात फिरून अहवाल तयार केला. कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुस्लिम होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे तिने नमूद केले. लूट, जाळपोळ आणि घरे-जमिनी बळकावण्याच्या प्रकारांचीही नोंद अहवालात आहे. हा अहवाल सर्वसामान्य अभ्यासकांसाठी २०१३ मध्ये खुला झाला. या हिंसाचारात बळी पडलेल्यांत रझाकारांशी काहीही संबंध नसलेले शेतकरी, विणकर आणि छोटे दुकानदार होते. मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना हे पान वगळता येणार नाही.

कायदा झाला, पुढे काय?

राजकीय मागणी १९५२ मध्ये पूर्ण झाली. प्रौढ मताधिकारावर विधानसभा निवडून आली आणि तिला जबाबदार मंत्रिमंडळ सत्तेवर आले. मुख्यमंत्रिपद मिळाले ते मवाळ गटाच्या बी. रामकृष्ण राव यांना.

जमिनीच्या बाबतीत लष्करी प्रशासनानेच मोठे पाऊल उचलले होते. १९४९ मध्ये सर्फेखास सरकारजमा झाली आणि जहागिरी रद्द करण्यात आल्या. जहागीरदारांना नुकसानभरपाई देण्यात आली. १९५० मध्ये हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. ठरावीक वर्षे सलग जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ म्हणून नोंदवायचे, मनमानीने त्याला काढता येणार नाही आणि पुढे त्याला मालकी मिळेल, अशी त्याची रचना होती. त्या काळातील देशातील पुढारलेल्या कुळकायद्यांत त्याची गणना होते.

अंमलबजावणीचे चित्र अर्थतज्ज्ञ अ. म. खुस्रो यांच्या १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून समोर आले. १९५१ मध्ये संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांपैकी तीन-चार वर्षांनंतर सुमारे ४५ जणच संरक्षित कूळ म्हणून टिकून होते. सुमारे १२ जणांनी जमीन विकत घेऊन मालकी मिळविली. कायदेशीर मार्गाने निघाले ते जेमतेम तीन. बेकायदा हुसकावून लावले गेले ते सुमारे २२ आणि ‘स्वखुशीने’ जमीन सोडणारे सुमारे १८. ज्या जमिनीवर पोट चालते ती शेतकरी राजीखुशीने का सोडेल, याचे उत्तर गावातील सत्तेच्या उतरंडीत होते. निजाम गेला तरी नोंद करणारा पटवारी तोच होता आणि जमीनमालकाचा शब्दही पूर्वीइतकाच चालत होता.

ज्यांच्या नावावर कूळ म्हणूनही नोंद नव्हती, अशा भूमिहीनांना तर या कायद्याने काहीच दिले नाही. यांत दलितांची संख्या मोठी होती. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात शेड्युल्ड कास्ट फेडरेशनने मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या देशव्यापी भूमिहीन सत्याग्रहातही मराठवाडा सहभागी होता. मुक्तिसंग्रामाने अर्ध्यावर सोडलेला प्रश्न या आंदोलनांनी हाती घेतला होता.

आजचा संबंध

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार त्रिभाजन झाले. त्याचा आग्रह धरणाऱ्यांत स्वामी रामानंद तीर्थ अग्रभागी होते. मराठवाडा प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. स्वामीजींचे १९७२ मध्ये निधन झाले. नांदेड येथील विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

निजामकालीन कागद मात्र इतिहासजमा झालेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि जुन्या दप्तरांचे महत्त्व पुन्हा चर्चेत आले. मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत इनाम, मदतमाश, संरक्षित कूळ हे शब्द वकिलांच्या तोंडी अजूनही असतात. ज्या दप्तरांना १९४७ मध्ये आंदोलकांनी आग लावली, त्यांतली वाचलेली पाने आज त्यांच्याच नातवंडांना पुरावा म्हणून शोधावी लागत आहेत.

मुक्तिसंग्रामाचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. अर्ज-विनंत्यांपासून सुरू झालेली चळवळ दहा वर्षांत एका निरंकुश राजवटीला आव्हान देण्यापर्यंत पोहोचली आणि तिच्या रेट्यामुळे जहागिरीसारखी शतकानुशतकांची व्यवस्था वर्षभरात कायद्याने संपली, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु राजवट बदलणे आणि गावातील सत्ता बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत, हेही त्याच इतिहासाने दाखवून दिले. सतरा सप्टेंबरच्या भाषणांत पहिल्या कामाचा उल्लेख असतोच. अर्जापूर आणि उमरीच्या परिसरात ज्या शेतकऱ्यांनी लेव्ही नाकारली, त्यांचा लढा दुसऱ्या कामासाठीही होता.